कवडसा छापताना

कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला मी एक कवडसा छापायला घेतला आणि त्यापायी जस्ताचे तीन पत्रे वाया घालवले. चौथा कसाबसा जमला. ही गोष्ट १९९०च्या आसपासची. पत्रा काही फुकट मिळत नव्हता. मेसचे पैसे भरून जे उरायचे त्यातून मी तो आणायचे. तिसरा पत्रा गेला त्या संध्याकाळी मी रडले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कवडसा आजोळचा होता. राजापूरकडे आजीचं कौलारू घर. ओटीवर, पडवीत लख्ख उजेड आणि माजघर इतकं काळोखं की उन्हातून आत आलेल्या माणसाने दोन मिनिटं दाराशी थांबावं, नाहीतर कशाला तरी ठेच लागलीच. त्या माजघराच्या छपरात मंगलोरी कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवलेलं होतं. आजीचं घड्याळ ते. सकाळी कवडसा पश्चिमेच्या भिंतीवर उंच असायचा, मग घसरत घसरत जमिनीवर यायचा. जात्याशी पोचला की आधणात तांदूळ वैरायचे. दुपारी तो जमीन ओलांडून समोरच्या भिंतीवर चढायचा आणि फडताळाच्या कडीला लागून पिवळा झाला की चहा टाकायचा. ढगाळ दिवशी आजी जरा चिडचिडी असायची, त्याचं कारण हेच असावं असं मला आता वाटतं.

मला आवडायची ती मधली घटका. कवडसा भिंत सोडून जमिनीवर उतरत असायचा तेव्हाची. अर्धा भिंतीवर, अर्धा सारवणावर. आकार एकच, पण मधे दुमडलेला. बाकी माजघरात काही म्हणजे काही दिसत नसलं तरी त्या एका दुमडीवरून कळायचं, की इथे भिंत संपते, इथे जमीन सुरू होते. मला तेच पत्र्यावर कोरून, त्यात शाई भरून कागदावर छापायचं होतं.

पहिल्या पत्र्यावर मी सगळं काढलं. वासे, रीपा, फडताळ, जातं, कौलातून तिरपे उतरणारे किरण, त्यात तरंगणारी धूळसुद्धा सुईने ठिपका ठिपका करून. प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढून मोठ्या अभिमानाने भिंतीला लावलं. सर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “खोली छान आहे. कवडसा कुठाय?”

“हा काय, सर.”

“तिथे तू किरण काढलेस की. काहीतरी काढलंस म्हणून तर तो विझला.”

मला तेव्हा ते सरांचं नेहमीचं गूढ बोलणं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी रेघोट्या बंद करायला लावून मला ॲक्वाटिंटला बसवलं आणि मग ते बोलणं हाताला कळायला लागलं.

ॲक्वाटिंट ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एका लाकडी पेटीत राळेची बारीक पूड असते. पेटीचा पंखा फिरवून ती पूड आत उडवायची, जाड कण खाली बसेपर्यंत जरा थांबायचं आणि मग पत्रा आत सरकवायचा. त्यावर राळ अलगद बसते, माळ्यावर धूळ बसते तशी. पत्रा खालून तापवला की कण वितळून चिकटतात. पांढुरकी पूड एका क्षणी पारदर्शक होते, ते बघत राहावंसं वाटतं. आता पत्रा ॲसिडमध्ये सोडला की राळेच्या कणाखालचा जस्त वाचतो आणि कणाकणांमधल्या फटी खाल्ल्या जातात. पत्र्यावर बुडबुडे येतात, ते पक्ष्याच्या पिसाने हलकेच बाजूला करायचे. काही सेकंद ठेवलात तर धुक्यासारखा करडा. आणखी ठेवलात तर गडद. बरीच मिनिटं ठेवलात तर मखमली काळा, ज्यात एकही रेघ नसते. १७९९च्या आपल्या ८० चित्रांच्या मालिकेत गोया या स्पॅनिश चित्रकाराने माणसांच्या मागे जे आभाळ ठेवलंय, ते बहुतेक ठिकाणी असं रेघांवाचूनचं, राळेतून आलेलं आहे. म्हणून त्या रात्री इतक्या बिनबुडाच्या वाटतात.

आणि उजेड? तो या सगळ्या खटाटोपात कुठेच तयार होत नाही. जिथे पांढरं हवं तिथे ॲसिडमध्ये पत्रा घालण्याआधीच वार्निश लावून ती जागा झाकून टाकायची. आमच्याकडे याला स्टॉप-आउट म्हणायचे. पुढे पत्रा कितीही वेळा ॲसिडमध्ये जावो, ती जागा पहिल्या दिवसासारखी गुळगुळीत राहते. शाई पुसताना तिच्यावर शाई टिकत नाही आणि छापल्यावर तिथे नुसता कागद दिसतो. शेतात एखादा तुकडा गुरांपासून राखतात तसा उजेड राखायचा. सगळी मेहनत अंधारावर करायची.

चित्रकलेत असं होत नाही. तैलरंगात तुम्ही शेवटी पांढऱ्याचा एक ठसठशीत फटकारा मारू शकता. जलरंगवाले कागद राखतात, पण त्यांचा हात चुकला तर निदान लगेच दिसतं. मुद्राचित्रणात सगळं उलटं, आरशातलं आणि उशिराने कळणारं. प्रेसच्या दोन रोलरांमधून पत्रा जाईपर्यंत, ओला कागद कोपऱ्याला धरून उचलेपर्यंत तुम्हाला माहीत नसतं की अंधार केवढा झाला.

दुसऱ्या पत्र्यावर मी वार्निश ओघळू दिलं. तिसऱ्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. मला काळा हवा होता, माजघरासारखा, ठेच लागेल असा काळा. मी पत्रा ॲसिडमध्ये ठेवून चहाला गेले. म्हटलं, जितका जास्त खाईल तितका काळा होईल. गप्पा लांबल्या. परत येऊन प्रूफ काढलं तर माजघर राखेच्या रंगाचं! ॲसिडने फटी खाता खाता राळेच्या कणांखालूनही पोखरलं होतं, कण सुटून गेले होते आणि पत्रा सगळीकडे सारखाच खाली उतरला होता. शाई धरून ठेवायला दाणाच उरला नाही. अंधारालाही हद्द असते आणि ती ओलांडली की तो फिका पडतो, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते.

चौथ्या पत्र्यावर मी खोली काढलीच नाही. वासे नाहीत, फडताळ नाही. फक्त काळं आणि त्यात एक दुमडलेला पांढरा आकार, दुमडीच्या वर जरा अरुंद, खाली जरा पसरट. प्रूफ उचललं आणि माजघर परत आलं. भिंत होती. जमीन होती. मी काढलेली नव्हती, तरी होती.

हे सगळं मी पंचवीसेक वर्षं विसरून गेले होते. लग्न, नोकरी, पाठ्यपुस्तकांची मांडणी करायचं काम. प्रेस सुटला. मग मुलीकडे अमेरिकेत गेले असताना एका संग्रहालयात, कॉफी शोधत चुकीच्या दालनात शिरले आणि समोर जेम्स टरेल या अमेरिकन कलावंताचं एक छापचित्र आलं.

टरेल हा खरं तर छापणारा माणूसच नव्हे. १९४३ साली लॉस एंजेलिसला जन्म, पोमोना कॉलेजात शिक्षण आणि विषय चित्रकला नव्हे तर दृष्टीचं, संवेदनांचं मानसशास्त्र. १९६६ साली सांता मोनिकाच्या ओशन पार्क भागातलं मेंडोटा नावाचं बंद पडलेलं हॉटेल त्याने भाड्याने घेतलं, आतल्या खोल्या बंद करून पांढऱ्या रंगवल्या आणि प्रोजेक्टरने भिंतींवर प्रकाशाचे आकार पाडायला सुरुवात केली. त्यातलं एक काम असं आहे: खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे, प्रकाशाचा एक चौकोनी तुकडा टाकलेला. लांबून बघणाऱ्याला तिथे हवेत तरंगणारा, आतून उजळलेला ठोकळा दिसतो. जवळ गेलं की ठोकळा मोडतो आणि कोपऱ्यात दुमडलेला नुसता उजेड उरतो. हे वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. अहो, हे तर आमच्या माजघरात रोज सकाळी व्हायचं!

त्या खोल्यांतला उजेड वीस वर्षांनंतर टरेलने कागदावर आणला. ‘फर्स्ट लाइट’ ही वीस ॲक्वाटिंटांची मालिका, १९८९-९० सालची, झुरिकमध्ये पीटर क्नॉयब्युलर या छपाईकाराबरोबर केलेली. म्हणजे मी चहाला जाऊन पत्रा जाळत होते साधारण त्याच सुमारास तिकडे कुणीतरी तोच प्रश्न, अर्थात फार वरच्या पातळीवर, सोडवत बसलं होतं. कागद मोठे आहेत, मीटरभराहून थोडे उंच. प्रत्येकावर गडद पार्श्वभूमी आणि तीत एखादाच पांढरा आकार: कुठे उभा आयत, कुठे तिरपी पट्टी, कुठे तो कोपऱ्यातला ठोकळा. बस. आजूबाजूचा काळाही सपाट नाही. कुठे किंचित उतरतो, कुठे किंचित उजळतो आणि त्या जेमतेम फरकातून तुम्हाला खोलीचा कोपरा, छताची कड जाणवते. जाणवते म्हणजे आधी जाणवते आणि मग डोळे ताणून पाहिलं की दिसते.

छपाईकार म्हणून मला तिथे सगळ्यात जास्त धसका बसला तो काळ्याचा. एवढ्या मोठ्या पत्र्यावर राळ एकसारखी बसवायची, एकही डाग पडू द्यायचा नाही, छापताना शाई सगळीकडे सारखी पुसायची आणि पांढऱ्यावर शाईची पुसटशी सावलीसुद्धा राहू द्यायची नाही! कारण इथे लपायला रेघ नाही. गोयाच्या आभाळात एखादा डाग असला तर ढग म्हणून खपेल, पण इथे डाग हा डागच. मिनिमल म्हटलं की लोकांना वाटतं काम कमी. ज्यांनी एकदा तरी पूर्ण पत्राभर सपाट करडा छापून बघितलाय त्यांनाच विचारा.

मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते. काचेत माझं प्रतिबिंब पडलं होतं, चष्मा, पर्स, सगळं. काळ्या छापचित्राला काच लावली की त्याचा आरसा होतो, त्याला इलाज नाही. पण पांढऱ्या आयतापाशी माझं प्रतिबिंब तुटत होतं. माझा खांदा त्या उजेडात शिरून नाहीसा होत होता. आणि तो आयत कागदाच्या पातळीवर नव्हताच. एकदा तो माझ्या पुढे आल्यासारखा वाटे, तर एकदा काळ्या भिंतीला खिडकी पडून पलीकडे अंगण असल्यासारखा. मी तिरकी होऊन काचेच्या कडेवरून पाहिलं. कागद. साधा, दाबाने किंचित खळगा पडलेला कागद.

१९९० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ही मालिका मांडली, तेव्हा चित्रांतल्या पांढऱ्या आकारांवर वेगळा प्रकाश सोडला होता म्हणतात. त्याने ते आकार जास्तच चमकत, तरंगत आणि ओळीने बघत गेलं तर हलल्यासारखे वाटत. मला हे थोडं चीटिंग वाटतं. म्हणजे त्याचं सगळं आयुष्य प्रोजेक्टरवर गेलेलं, त्यामुळे मोह झाला असणार. पण कागद स्वतःच्या जिवावर उजळत असताना त्याला बॅटरी कशाला दाखवायची?

कागद उजळतो म्हणजे नेमकं काय होतं? कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा यांच्यातलं खरं अंतर ऊन आणि माजघर यांच्यातल्या अंतराच्या पासंगालाही पुरणारं नाही. तरी डोळा फसतो, कारण डोळा उजेड मोजत नाही, शेजाऱ्याशी ताडून बघतो. १९५५ साली गाएतानो कानिझ्झा या इटालियन मानसशास्त्रज्ञाने एक आकृती दिली. तीन काळ्या तबकड्या, प्रत्येकीची एक फोड कापलेली, आणि त्या फोडी एकमेकींकडे तोंड करून मांडलेल्या. बघणाऱ्याला मधे एक पांढरा त्रिकोण दिसतो, जो कुणी काढलेलाच नाही. गंमत इथे संपत नाही. तो न काढलेला त्रिकोण भोवतीच्या कागदापेक्षा जास्त पांढरा दिसतो आणि कागदाच्या किंचित वर उचललेला वाटतो. कागद तोच, पांढरा तोच. पण डोळ्याने एकदा ठरवलं की इथे काहीतरी पुढे आहे, की तो त्याला उजेडही देऊन टाकतो. उजेड आणि जागा या दोन वस्तू आपल्याला वेगळ्या दिसत नाहीत. एक मिळाली की दुसरी आपोआप हाती येते.

आता हे वाचून तुम्ही फोनवर टरेल शोधाल. शोधा, पण निराश व्हाल. फोनचा पडदा स्वतःच दिवा आहे. तिथे पांढरा आयत उजळलेला दिसला तर नवल काय? उजळणं हे त्याचं कामच आहे. छापचित्राचं सगळं नवल या एका गोष्टीत आहे, की त्याच्यापाशी स्वतःचा उजेड नाही. दालनातला दिवा त्याच्यावर पडतो, काळा तो गिळतो, पांढरा परत करतो. दिवा मालवला तर कवडसाही मालवतो. खरा कवडसा तरी काय वेगळं करतो म्हणा.

याच्या अगदी उलट टोकाचं काम मी आपल्याकडे बघितलंय आणि तेही मोबाइलवर अजिबात येत नाही. सोमनाथ होर यांची ‘वूंड्स’ म्हणजे जखमांची मालिका. होर १९२१ साली चितगावला जन्मले. १९४३चा बंगालचा दुष्काळ त्यांनी जवळून पाहिला, त्याची चित्रं केली आणि पुढे शांतिनिकेतनात कलाभवनात शिकवलं. सत्तरच्या दशकात त्यांनी काळी शाई बाजूला ठेवली. ओल्या मातीच्या थराला सुरीने चिरायचं, भोसकायचं, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्या साच्यात कागदाचा लगदा दाबायचा. वाळला की हातात येतो एक पांढरा जाड कागद. त्यावर शाई नाही. पांढऱ्यावर पांढरं. कधी एखाद्या फटीत लालसर झाक, तेवढीच.

मी पाहिलं ते एका प्रदर्शनात, भर दुपारी. त्या कामावर वरून समोरासमोर स्पॉटलाइट टाकलेला होता, त्यामुळे भिंतीवर रिकामा कागद टांगल्यासारखं दिसत होतं. एक जोडपं आलं, लेबल वाचलं, एकमेकांकडे बघून हसलं, निघून गेलं. मीही निघणारच होते. एवढ्यात डावीकडच्या दारातून कुणीतरी आत आलं आणि बाहेरच्या व्हरांड्यातला उजेड क्षणभर आडवा त्या कागदावरून गेला. सगळा कागद फाटल्यासारखा दिसला. प्रत्येक चिरेच्या एका ओठावर उजेड, दुसऱ्यावर सावली. दार मिटलं. परत कोरा.

मग मी दाराशीच रेंगाळत राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांनी दार उघडावं म्हणून. रखवालदाराला माझा संशय आला असणार.

टरेलच्या कागदावरचा अंधार छापलेला असतो, तो घेऊनच चित्र तुमच्यासमोर येतं. होर यांच्या कागदावर अंधारही छापलेला नाही. तो बाहेरून, बाजूने यावा लागतो, आणि आला तरी टिकत नाही. जखम आहे की नाही हे बघणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. हे त्या माणसाने जाणूनबुजून केलं असेल असं मला वाटतं. दुष्काळ समोरून बघणाऱ्या शहराला दिसला नव्हता, ही आठवण त्यांच्या हाताला असणारच. पण हा माझा अंदाज.

झरीना हाश्मी यांच्याबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. १९३७ साली अलीगढला जन्म, गणिताची पदवी, पॅरिसला हेटर या मुद्राचित्रकाराच्या स्टुडिओत शिकलेल्या, न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्या, २०२०मध्ये लंडनला वारलेल्या. त्यांच्या १९९९च्या ३६ वुडकटांच्या, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांच्या, मालिकेत घराचा नकाशा, उंबरठा, दार अशा गोष्टी मोजक्या काळ्या आकारांत येतात, खाली उर्दू शब्द. २००१मधल्या एका वुडकटमध्ये तर कागदभर एकच वेडीवाकडी काळी रेघ आहे: फाळणीची. इथे मला पुन्हा छपाईवाल्याचा हात आठवतो. लाकडातून काळी रेघ हवी असेल तर रेघ कोरत नाहीत. रेघ तेवढी ठेवून तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढतात. म्हणजे त्या चित्रातला सगळा मोकळा, उजळ कागद हा मनगट दुखेस्तोवर केलेल्या खोदकामाचा आहे. ॲक्वाटिंटमध्ये पांढरं राखायचं, इथे पांढरं खणून काढायचं. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच रिकामे दिसतात.

आजीच्या घरावर आता निळे पत्रे आहेत. वादळात कौलं गेली, वानरांनी आधीच बरीच फोडली होती आणि मामाचं म्हणणं बरोबर आहे की दरवर्षी शाकारणी करायला माणसं मिळत नाहीत. माजघरात ट्यूबलाइट आहे. ठेच लागत नाही.

गेल्या महिन्यात माळा आवरताना जुनी गुंडाळी सापडली. चौथ्या पत्र्याचं प्रूफ, त्याच्याबरोबर तिसऱ्याचंही, राखेच्या रंगाचं. का ठेवलं होतं कोण जाणे. चौथं जेवणाच्या टेबलावर उलगडून कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. काळा तसाच आहे, तेव्हा होता तेवढाच. शाईला काही झालेलं नाही. पण तेव्हा परवडणारा कागद साधाच होता आणि तो पिवळा पडलाय. काळ्याखाली ते कळत नाही. कळतं फक्त दुमडलेल्या त्या एका आकारात, जिथे मी काहीच केलं नव्हतं. सकाळी दहाचा म्हणून राखलेला कवडसा आता चारचा झाला आहे.

मी उठून चहा टाकला.